आठवी सेमीला दोन मुली कमी

आमच्या मुख्याध्यापकांना वाईट बातमी चहाबरोबर द्यायची सवय आहे. मे महिन्यातल्या एका सकाळी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि शिपायाला दोन चहा सांगितले, तेव्हाच मी काय ते ओळखलं. एरवी सर एकच चहा सांगतात आणि तो स्वतःच पितात.

"मॅडम, आठवी सेमीचा पट किती झाला?"

"बारा."

"वीस लागतील. शाळा उघडायच्या दिवशी वीस नावं नसतील तर तुकडी बंद. साहेबांचा फोन होता." आणि बशी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "चहा घ्या."

आमची शाळा म्हणजे वारज्याच्या टोकाची सरकारी माध्यमिक शाळा. आठवी ते दहावी. सेमी म्हणजे बाकी सगळे विषय मराठीतून, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. ते दोन्ही विषय मी शिकवते. तुकडी बंद झाली की ती बारा मुलं पूर्ण मराठीच्या वर्गात जाणार, आणि मी "अतिरिक्त" होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठल्यातरी शाळेत. त्या बारा जणांच्या आईबापांनी सेमी मागितलं होतं, कारण अकरावी सायन्सला गेलेली मराठीतली मुलं पहिले सहा महिने नुसती वर्गात बसून असतात हे त्यांनी शेजारीपाजारी बघितलं होतं. मला मुलांची काळजी वाटलीच. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा स्वतःच्या बदलीची वाटली. अकरा वर्षं मी घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांत शाळेत पोचत होते.

"आपण नवीन पालकांचा मेळावा घेऊ," सर म्हणाले. "आपल्याकडे काय काय शिकवतात ते लोकांना माहीतच नाही. तुम्ही बोला."

"मीच का?"

"तुम्ही छान बोलता."

"सर, मी भांडते छान."

"तेच जरा हळू आवाजात करा."

झालं. आठवडाभर खपून मी चोवीस स्लाइड्स केल्या. सेमी इंग्रजीवर चार. तांत्रिक विषयावर पाच, कारण ती आमची खरी शान: आठवीपासून वायरिंग, सुतारकाम, नळजोडणी, मुलांनी स्वतःच्या हातांनी करायची. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, शिष्यवृत्तीची तयारी, हिंदीबरोबर संस्कृत घ्यायची सोय, खो-खोचा संघ. दर स्लाइडवर फोटो. एका फोटोत आमचे चित्रकलेचे सर खडू फेकून मारताना आले होते, तो काढून टाकला.

मेळाव्याच्या आदल्या रविवारी मी घरी सराव केला. श्रोते दोन. सोफ्यावर नवरा, हातात वर्तमानपत्र. आणि फरशीवर मांडी घालून माझी मुलगी, पुढ्यात उघडलेला मिक्सर. हिला तेरावं वर्ष. सातवी नुकतीच झालेली. शाळा खासगी, इंग्रजी माध्यमाची, जिच्या गेटसमोर दोन मिनिटं स्कूटर लावली तरी वॉचमन शिट्टी मारतो. घरातली जी वस्तू बंद पडेल ती हिने उघडायची, आणि जी बंद पडलेली नाही तीही उघडून बघायची, असा तिचा बाणा.

मी सुरुवात केली. "आमच्याकडे सर्व विषयांना अनुभवी, तळमळीचे शिक्षक आहेत..."

"त्यात तू स्वतःला धरलंस का?" वर्तमानपत्रामागून आवाज.

"अहो, ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर आत जा."

"नाही नाही, तळमळ दिसते आहे."

मुलीने मात्र पेचकस खाली ठेवला होता. तांत्रिकच्या स्लाइड्स आल्या तशी ती पुढे सरकली.

"आई, हे वायरिंग मुलं खरंच करतात?"

"करतात."

"करंट असतो?"

"असतो. आधी शिकवतात, मग करू देतात."

"मुलींनापण?"

"मुलीच जास्त चांगलं करतात. गेल्या वर्षी शाळेच्या व्हरांड्याचं वायरिंग आमच्या मुलींनी केलंय."

"आमच्या शाळेत वायरिंगचं चित्र काढायचं असतं," ती म्हणाली. "चार रंगांत. मला रंग चुकला म्हणून अर्धा मार्क कापला."

मी म्हटलं, बघा, आहे की नाही आमची शाळा चांगली! आणि पुढच्या स्लाइडवर गेले. किती मूर्ख असावं माणसाने. त्या दिवसात मी ते भाषण घरात तीनदा म्हणून दाखवलं, तिन्ही वेळा ती पुढ्यात होती, आणि मला वाटत राहिलं की ही आईच्या कौतुकाने ऐकते आहे.

मेळाव्याच्या दिवशी मी आठ वाजताच शाळेत. मुलीला घरी एकटीला ठेवलं तर फ्रिज उघडेल म्हणून बरोबर आणली. हॉलमध्ये खुर्च्या लावल्या, आणि दारातल्या फळ्यावर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: "कार्यक्रम बरोबर दहा वाजता सुरू होईल. उशिरा येणाऱ्यांनी खुर्च्यांवर बसून व्यत्यय आणू नये. मागे शांत उभे राहावे."

आता, मी सदाशिव पेठेत वाढलेली. माझ्या दृष्टीने हा मजकूर प्रेमळ होता. पण मेळाव्याला येणारे पालक पेठेतले नव्हते. सव्वादहापर्यंत हॉलमध्ये एकच माणूस आला, मार्केट यार्डात हमाली करणारे एक वडील. पहाटेपासूनच्या गाड्या उतरवून थेट आले होते. वेळेत आले म्हणून पहिल्या रांगेत बसले आणि दोन मिनिटांत झोपले. मग साडेदहाला एकदम चाळीसेक माणसं आली, सगळ्यांनी फळा वाचला, आणि एकूण एक जण निमूटपणे मागच्या भिंतीला जाऊन उभा राहिला.

पुढे साठ रिकाम्या खुर्च्या आणि एक झोपलेला माणूस. मागे भिंतीला चिकटलेली चाळीस माणसं.

"या ना, बसा ना!" मी माइकवरून.

"नको मॅडम, उशीर झाला आम्हाला," एक बाई म्हणाली. "तसं लिहिलंय बाहेर."

"अहो, ते... ते दुसऱ्या लोकांसाठी होतं."

कोणी हलेना. पाटीवर लिहिलं म्हणजे लिहिलं. शेवटी चित्रकलेचे सर बाहेर गेले, फळा पुसून आले, आणि दारातून ओरडून सांगितलं की आता तसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा माणसं बसली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर सारखा करायचं निमित्त करून मान खाली घातली.

व्यासपीठावर सरांच्या शेजारी आबा होते. आबा म्हणजे शाळा ज्या गावच्या जमिनीवर उभी आहे त्या गावचे शेवटचे सरपंच. गाव शहरात गेलं, सरपंचपद गेलं, शेतात इमारती आल्या. आबांचं पांढरं धोतर आणि दरारा मात्र तसाच राहिला. गावातली दहा घरं तरी आबा जे करतील ते करायची. त्यांची नात सातवी पास झाली होती. ती आमच्याकडे आली तर वाट मोकळी होणार, म्हणून सरांनी त्यांना प्रमुख पाहुणे केलं होतं, शाल पांघरली होती, आणि ऐन मे महिन्यात आबा ती शाल अंगावर घेऊन घामाघूम होऊन ताठ बसले होते.

समई पेटवायची तर पंखा बंद करावा लागे. पंखा बंद केला की लोक कुरकुरत. पंखा लावला की ज्योत जाई. या झटापटीत दहा मिनिटं गेली. मग सर "दोन शब्द" बोलायला उठले आणि शाळेच्या स्थापनेपासून निघाले. अर्ध्या तासाने मी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं आणि वाक्य अर्धं सोडून बसले.

मग मी बोलले. आणि छान बोलले, हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. व्हरांड्याच्या वायरिंगचं सांगितलं. कंपासपेटीतल्या कर्कटकाने पंख्याचा स्क्रू काढणाऱ्या मुलीचं सांगितलं. इंग्रजीतून विज्ञान शिकवताना पहिला महिना प्रत्येक शब्द आम्ही हाताने करून दाखवतो, "फ्रिक्शन" म्हणजे काय हे समजायला आख्खा वर्ग चप्पल घासत मैदानभर फिरतो, हेही सांगितलं. लोक हसले. समोरच्या दोन बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. मला वाटलं, जिंकलं.

"काही प्रश्न?" मी विचारलं.

चोवीस स्लाइड्सनंतर पहिला प्रश्न आला तो असा: "मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का?"

"आहे."

"चारीला?"

"तिघांना आहे," मी म्हटलं. "चौथ्याला उद्या बसवतो." आणि मनात म्हटलं, ही स्लाइड पहिली हवी होती.

दुसरा प्रश्न शाळा किती वाजता सुटते. तिसरा डबा शाळेत मिळतो तो गरम असतो का. चौथ्या पालकांनी विचारलं, खो-खोला कुठल्या रंगाची चड्डी. शैक्षणिक उपक्रमांबद्दल एकाचाही प्रश्न नाही. तेवढ्यात व्यासपीठावरून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बाई," आबा म्हणाले. माइकची त्यांना गरज नव्हती. "लई ग्वाड बोललासा. वायरिंग हाय, इंग्लिश हाय, समदं हाय. एक सांगा. तुमचं लेकरू कुठल्या साळंत हाय?"

झोपलेले वडीलही जागे झाले.

अकरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आमच्या शिक्षकखोलीत तर तो विचारायचाच नाही अशी न ठरवलेली रीत आहे, कारण तिथे बसलेल्या एकाही माणसाचं मूल आमच्या शाळेत नाही. सर शाळेच्या घड्याळाकडे पाहू लागले. चित्रकलेचे सर वाकून बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या पायात चपला होत्या.

"आबा, माझी मुलगी... म्हणजे ती आता आठवीत जाईल... तर सध्या ती..."

"इथंच येणार आहे," मागून खणखणीत आवाज आला.

माझी कन्या शेवटच्या रांगेत उभी होती. "मीच ती," ती म्हणाली. "आठवी सेमी. तांत्रिक घेणार."

काय टाळ्या पडल्या! मेळाव्यात तेवढ्याच पडल्या. मी हसून मान हलवली, दुसरं काय करणार? आतून मात्र तिचा कान पिळायला हात शिवशिवत होते. हमालवडील सरळ उठून टेबलाशी आले आणि फॉर्म मागितला. त्यांच्यामागे रांग लागली. अर्ध्या तासात सहा फॉर्म भरले. बारा आणि सहा अठरा.

आबा जागचे हलले नव्हते. मी त्यांच्यापुढे फॉर्म धरला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला.

"पयलं तुमच्या लेकीचं नाव लागू द्या रजिस्टरात. मग माझ्या नातीचं लावतो. तिच्याखाली."

"आबा, आता सांगितलं ना तिने!"

"तिनं सांगितलं," आबा म्हणाले. "तुम्ही न्हाय सांगितलं."

घरी आलो. दार लावून घेतलं आणि मग तोंड सोडलं. चारचौघांत आईला तोंडघशी पाडायचं? कोणी सांगितलं होतं मध्ये बोलायला? तुझ्या शाळेत कॉम्प्युटर लॅब आहे, पोहण्याचा तलाव आहे, आजूबाजूचे लोक कष्टाने तिथे मुलं घालतात!

"आई, तलावात आम्हाला वर्षातून चार वेळा सोडतात. आणि तूच म्हणालीस, सर्व विषयांना अनुभवी, तळमळीचे शिक्षक..."

"ते भाषण होतं!"

"म्हणजे खोटं होतं?"

"खोटं नाही ग! पण..."

"स्लाइड नंबर सात," ती बोटं मोजू लागली, "मातृभाषेतून शिकलेल्या मुलांना संकल्पना पक्क्या कळतात. स्लाइड नंबर अकरा, आमची मुलं हाताने काम करायला लाजत नाहीत. स्लाइड नंबर एकोणीस..."

"अहो, सांगा हिला काहीतरी!"

नवऱ्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "मी काय सांगू? मलापण ते भाषण पटलंय. तीनदा ऐकलं."

मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली आणि ती इतकी मळली की पोळ्या वातड झाल्या. मळता मळता स्वतःलाच विचारलं, बाई गं, नको का म्हणतेस? वर्ग चांगला चालतो. मुलं शिकतात. तांत्रिकचं खरंच सुरेख आहे. मग? उत्तर आलं ते काही भूषणावह नव्हतं. सोसायटीतले लोक काय म्हणतील. नणंद काय म्हणेल. "सरकारी शाळेत घातली? का गं, काही अडचण आहे का?" हमालांच्या, धुणीभांडीवाल्यांच्या मुलांना मी जे मनापासून उत्तम म्हणून देत होते, ते माझ्या मुलीच्या ताटात वाढायची मला लाज वाटत होती. हे मी आज लिहिते आहे, त्या दिवशी नुसतीच कणकेवर राग काढला.

जेवताना मुलगी म्हणाली, "अजून एक कारण आहे. सांगू? चिडणार नाहीस?"

"चिडेन. सांग."

"ते फ्रिक्शनचं चपला घासायचं. तू वर्गात अशी शिकवतेस? हसत?"

"मग कशी शिकवणार?"

"मला घरी शिकवताना तू म्हणतेस, एवढंसुद्धा कळत नाही का तुला? मला त्या तिथल्या बाईंकडे शिकायचंय."

नवरा ताटातल्या कोशिंबिरीकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून टोमणा न आल्याची ती एकमेव वेळ. मी उठून उगाचच पाणी आणलं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलीचं म्हणणं बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी खासगी शाळेतून दाखला काढला. तिथल्या काउंटरवरची बाई म्हणाली, "बदली झाली का कुठे?" मी म्हटलं, "नाही, वारज्यातच." तिने दाखला असा दिला की जणू मी आजारी आहे. आमच्या शाळेत प्रवेशाचा फॉर्म मीच भरला. पालकाची सही माझी, वर्गशिक्षकाची सही माझी. क्लार्क म्हणाला, "मॅडम, हे चालतं का बघावं लागेल." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा चाललं.

एकोणिसावं नाव रजिस्टरात लागलं आणि तासाभरात आबा नातीला घेऊन हजर. कोणी कळवलं देव जाणे. रजिस्टर स्वतःकडे वळवून त्यांनी बोटाने ओळ शोधली, नाव वाचलं, आणि म्हणाले, "आता लिवा." वीस झाले. सरांनी चहा सांगितला. सगळ्यांना.

शाळा सुरू झाली. पहिले काही दिवस मुलगी वर्गात मला "आई" म्हणायची आणि वर्ग खिदळायचा. मग "मॅडम" म्हणायला लागली आणि घरीपण चुकून मॅडम म्हणू लागली, तेव्हा नवरा खिदळायचा. तिला आणि आबांच्या नातीला एक बाक. दोघींनी मिळून चौथ्या संडासाची कडी बसवली, कारण मी "उद्या" म्हटलेलं आठ आठवडे उद्याच राहिलं होतं. गणितात हिला पहिल्या चाचणीत वीसपैकी अकरा मिळाले. "एवढंसुद्धा" हा शब्द माझ्या जिभेपर्यंत आला होता, तो तसाच गिळला आणि वर्गात जसं सांगते तसं पुन्हा सांगितलं. हळूहळू मला सवय व्हायला लागली होती.

आणि मग ऑगस्टमध्ये सरांनी मला ऑफिसात बोलावून दोन चहा सांगितले.

या वेळी कागद होता. वरून आदेश: घरोघर जाऊन सर्वेक्षण. महिनाभर. सकाळी शाळेत हजेरी लावायची आणि बाहेर पडायचं.

"महिनाभर?" मी ओरडलेच. "आणि आठवीचं विज्ञान? गणित?"

"बघू. कोणीतरी घेईल. दरवर्षी घेतं."

"दरवर्षी कोणी घेत नाही, सर! चित्रकलेच्या सरांना पाठवता आणि ते विज्ञानाच्या वहीत फुलदाणी काढून घेतात! घटक चाचणी तोंडावर आली आहे. विजेचा धडा निघतोय. इंग्रजीतून पहिलंच वर्ष आहे मुलांचं, आत्ता सुटलं की सुटलंच. हे काय चाललंय? मी माझ्या मुलीला चांगल्या शाळेतून काढून इथे घातली ती काय महिनाभर फुलदाण्या काढायला?"

माझा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असणार, कारण शिपाई चहा दारातच धरून उभा राहिला. सरांनी चष्मा काढला. ते कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही.

"मॅडम, हा आदेश तुम्हाला दरवर्षी येतो."

"माहीत आहे मला."

"दरवर्षी तुम्ही सही करता आणि जाता. गेल्या वर्षी मी कागद दिला तेव्हा तुम्ही म्हणालात, 'बरं झालं सर, महिनाभर तेवढीच मोकळी हवा.'"

म्हणाले होते मी. अगदी याच खुर्चीवर बसून. अकरा आठव्या माझ्या हाताखालून गेल्या. प्रत्येक आठवीतला विजेचा धडा मी परत येऊन दोन दिवसांत उरकला होता, "सर्किटचं तेवढं पाठ करा" असं सांगून. कोणाच्या आईने या ऑफिसात येऊन असा आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीच तिला समजावलं असतं की ताई, सरकारी आदेश आहे, आमच्या हातात काही नसतं.

शिपायाने चहा ठेवला. मी सरांकडे कोरा कागद मागितला आणि तिथेच अर्ज लिहिला: सर्वेक्षण शाळा सुटल्यावर आणि रविवारी करीन, एकही तास बुडवणार नाही, बुडवायला लावल्यास लेखी कारण द्यावं. सरांनी तो दोनदा वाचला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "खाली पालक म्हणून सही करा. जरा वजन पडेल."

"नको," मी म्हटलं. "शिक्षिका म्हणूनच करते. ती सही अकरा वर्षं करायची राहिली आहे."